पालकांना शाळेत बोलावतो कशासाठी?

शाळेतून पालकांना निरोप येतो तो बहुतेक वेळा ठरलेल्या कारणांसाठी. आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची राहिली, मुलानं वर्गात काहीतरी उद्योग करून ठेवला, भिंती रंगवायच्या आहेत म्हणून वर्गणी हवी, किंवा पंधरा ऑगस्टला गर्दी हवी. ‘तुमची मुलगी आता जोडाक्षरं नीट वाचते, पण हातच्याची वजाबाकी आली की अडते, घरी एवढं करून घ्याल का,’ हे सांगायला कुणी बोलावल्याचं क्वचितच कानावर येतं. कुटुंब आणि शाळा एकत्र आली की मुलं चांगली शिकतात, हे वाक्य आपण प्रत्येक पालक मेळाव्यात ऐकतो. ते खरंही आहे, पण एका अटीवर. दोघांनी एकत्र यायचं ते त्या मुलाच्या शिकण्याबद्दल बोलायला. बाकी कारणांनी एकत्र आलं तर भिंती रंगतात, स्वच्छतागृहाला दार लागतं आणि मूल होतं तिथंच राहतं. आणि हे बोलणं सुरू करण्याची जबाबदारी शाळेची आहे, पालकांची नाही. पगार, वेळापत्रक, कुलपाची किल्ली आणि मुलाला काय येतं याची माहिती, हे सगळं शाळेच्याच हातात असतं.

कायदा याबाबतीत बराच स्पष्ट आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं 21 वं कलम सगळ्यांना तोंडपाठ असतं: शाळा व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात पाऊणभर सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. समितीनं शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, विकास आराखडा करायचा, अनुदानाचा हिशेब पाहायचा. पण त्याच कायद्याचं 24 वं कलम फारसं कुणी उघडून पाहत नाही. त्यात शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत आणि त्यांतलं एक असं, की पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगायची. म्हणजे आपल्या मुलाला काय येतं हे पालकाला कळणं ही शिक्षकाची मेहेरबानी नाही, ते त्याचं कायद्यानं ठरलेलं काम आहे. समितीबद्दल परिपत्रकं निघाली, प्रशिक्षणं झाली, फलक रंगले. या दुसऱ्या कलमाच्या वाट्याला त्यातलं फारसं काही आलं नाही.

समितीचं प्रत्यक्षात काय होतं हे गावातल्या कुठल्याही पालकाला माहीत आहे. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. प्रोसिडिंग तेच लिहितात. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक दोन, शालेय पोषण आहाराचा आढावा. मग खर्चाला मंजुरी, मग ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. प्रत्येकाखाली ‘सर्वानुमते मंजूर’. गणपूर्ती झाली नाही तर रजिस्टर मोटारसायकलवरून गावात फिरतं. एक सही किराणा दुकानात, एक बांधावर, एक चुलीपुढून हात पुसत उठलेल्या बाईची. तिनं काय मंजूर केलं हे तिला कुणी सांगत नाही आणि तिलाही विचारायचं सुचत नाही, कारण कुकरची शिट्टी झालेली असते. यात मुख्याध्यापक खलनायक आहेत असं मला वाटत नाही. त्यांना ऑडिटला कागद दाखवायचा असतो आणि कागद होतो. या रजिस्टरात कुठंही ‘चौथीतल्या किती मुलांना धडा वाचता येतो’ हा विषय सापडला तर मला आनंद होईल.

समित्यांवर विसंबण्याबद्दलचा एक धडा उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातून आलेला आहे. 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं ते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, त्यांचे सहकारी आणि ‘प्रथम’ ही संस्था यांनी तिथं एक प्रयोग केला. त्याचा अहवाल 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. गावात शिक्षण समिती आहे हेच बहुतेक पालकांना ठाऊक नव्हतं; काही सदस्यांना आपण सदस्य आहोत याचाही पत्ता नव्हता. मग काही गावांमध्ये सभा घेऊन समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्याच्या जोडीला मुलांचं वाचन कसं तपासायचं हे शिकवलं. आणखी काही गावांत या दोन्हींबरोबर तिथल्याच तरुणांना वाचन शिकवण्याचं थोडं प्रशिक्षण देऊन शाळेबाहेर वाचनवर्ग घ्यायला लावलं. सभा झाल्या, चर्चा झाल्या, पण सरकारी शाळेतल्या शिक्षकांच्या कामात किंवा पालकांच्या शाळेतल्या सहभागात लक्षात यावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो वाचनवर्गांना गेलेल्या मुलांमध्ये. ती वाचायला शिकली.

यातून काही जण असा अर्थ काढतात की समित्या निरुपयोगी, मोडीत काढा. मला तसं वाटत नाही. पोषण आहारातला तांदूळ किडका निघाला, शिक्षक महिनोन् महिने आलाच नाही, मुलींचं स्वच्छतागृह बंद पडलं, तर आवाज उठवायला हक्काची जागा हवीच. पण समिती हा कारभाराचा भाग आहे. आईबापाला मुलाच्या शिकण्यात सामील करून घेण्याचं काम तिच्यावर टाकलं की ते होत नाही, कारण शंभर पोरांच्या शाळेत समितीवर असतात जेमतेम डझनभर पालक. उरलेल्यांचं काय?

उरलेल्यांसाठी महाराष्ट्रात अलीकडे एक बरी गोष्ट सुरू झाली आहे आणि तिच्याबद्दल शहरी वाचकांना फारसं माहीत नाही. 2022 मध्ये, कोविडमुळं शाळाच न पाहिलेली पोरं पहिलीत यायची होती, तेव्हा शिक्षण विभागानं ‘प्रथम’च्या साथीनं ‘पहिले पाऊल’ नावाचं शाळापूर्व तयारी अभियान घेतलं. शाळेत मेळावा भरतो. रांगेनं टेबलं मांडलेली असतात आणि मूल आईचा हात धरून एकेका टेबलाशी जातं. इथं दोरीउड्या, तिथं कागद कातरणं, पुढं वस्तू मोजणं, त्यापुढं चित्र पाहून गोष्ट सांगणं. काय जमलं, काय नाही, याची नोंद एका कार्डावर होते आणि ते आईच्या हातात पडतं. त्यानंतर वस्तीवरच्या चार-सहा आयांचा एक गट होतो, त्यातली एक पुढाकार घेते आणि आठवड्याला काही सोप्या कृती कार्डावरून किंवा व्हॉट्सॲपवरच्या छोट्या व्हिडिओतून त्यांच्यापर्यंत पोचतात. भाजी निवडताना शेंगा मोजायच्या, भाकरी थापताना लहानमोठं दाखवायचं, धुतलेल्या कपड्यांच्या जोड्या लावायच्या.

अशा गटात बसलेली एक आई मला आठवते. स्वतः चौथीतून शाळा सुटलेली. पोराच्या पुढ्यात चिंचोके मांडून ती विचारत होती, ‘ह्यातले तीन मला दे, आता तुझ्याकडं किती उरले?’ पोरानं मोजायच्या आधीच शेजारच्या बाईनं उत्तर दिलं, तेव्हा ही तिच्यावर खेकसली, ‘तू गप गं, त्याला येऊ दे.’ मुलाला उत्तर सापडेपर्यंत थांबायचं असतं हे तिला कुणी कार्डावर लिहून दिलेलं नव्हतं. कार्डानं तिला एवढंच सांगितलं होतं की हे तुझंही काम आहे आणि तुला ते येतं. शाळेनं निरक्षर किंवा अर्धशिक्षित पालकाला दिलेला याहून मोठा मान मी पाहिलेला नाही.

तरी लगेच टाळ्या वाजवायला नकोत. असल्या कार्यक्रमांची फळं मापातच असतात. राजस्थानातल्या अजमेर आणि बिहारमधल्या पूर्णिया जिल्ह्यात आयांना साक्षर करणं, त्यांना मुलांबरोबर करायच्या कृती शिकवणं आणि या दोन्ही गोष्टी एकत्र देणं असा प्रयोग झाला होता. 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांच्या गणितात सुधारणा दिसली, पण थोडीच. दुपटीनं हुशार झाली वगैरे काही नाही. शाळेतलं शिकवणं ढिसाळ असेल तर चिंचोके ते भरून काढू शकत नाहीत. म्हणून ‘पालकांचा सहभाग’ हे शब्द मंत्रालयातून येतात तेव्हा मी जरा सावध होतो. शिक्षकांची पदं रिकामी ठेवायची, एकाच शिक्षकाला चार वर्ग सांभाळायला लावायचे आणि मग मूल मागे पडलं की घरच्यांनी लक्ष दिलं नाही म्हणायचं, ही सोय फार जुनी आहे. शिवाय ‘घरच्यांनी’ याचा अर्थ आईनं. पाणी, चूल, मजुरी, म्हातारी माणसं आणि आता कृतीकार्ड. माता गट गावोगावी निघाले. बापांचे गट काढण्याचा उत्साह मला कुठं दिसला नाही. गल्लीत कॅरम खेळणाऱ्या बापाला पोराबरोबर दहा मिनिटं चिंचोके मोजायला काय हरकत आहे, हे त्याला शाळेनं निदान विचारावं.

वेळेचा प्रश्न तर कुणी मोजतच नाही. पालकसभा असते कामाच्या दिवशी, सकाळी अकराला, शाळेच्या सोयीनं. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. सभेला यायचं म्हणजे तेवढ्यावर पाणी सोडायचं, तेही सर बोलतील ते ऐकून परत जाण्यासाठी. आणि मग शिक्षकांच्या खोलीत ‘या लोकांना मुलांची फिकीरच नाही’ असा शेरा. फिकीर नसलेली माणसं पोटाला चिमटा काढून इंग्रजी शाळेची व्हॅन लावत नाहीत. संध्याकाळी सातला, वस्तीवरच्या समाजमंदिरात सभा घेऊन पाहा, किती येतात ते. घेतलेल्या आहेत काही शिक्षकांनी. त्यांना कुणी भत्ता देत नाही आणि त्यांच्या गोपनीय अहवालात त्याला गुणही नाहीत.

बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या ऊसतोड पट्ट्यात तर ‘पालक’ नेमका कोण हाच पेच असतो. दिवाळीच्या आसपास कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, बाहेर पडतो. आईबाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, फडावर. ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मूल मागं आजीपाशी, किंवा शाळेतल्या हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर. ही वसतिगृहं शाळा व्यवस्थापन समितीनंच चालवायची असतात. प्रगतिपुस्तकावर अंगठा आजीचा. वर्षातला अर्धा काळ आईबापांना शाळेतलं काही कळायचं झालं तर ते फोनवर. पण शाळेचा निरोप मोबाइलवर येतो तोही ‘उद्या बँक पासबुक घेऊन येणे’ असाच. सहा महिने लेकराचं तोंड न पाहिलेल्या बापाला, ‘तुमच्या पोरानं आज अख्खा धडा न अडखळता वाचला, ऐका,’ म्हणून अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवायला शिक्षकाला किती वेळ लागतो?

शाळेनं पालकांकडे जायचं, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येत नव्हती. आता अशा वेळी आपण काय करतो? गैरहजेरीची यादी करतो, पालकांना नोटीस काढतो. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. आया दारात बसून पाहत होत्या, घरचं काम चालू होतं आणि मुलं समोर शिकत होती. अंगणवाडी ती हीच. 1975 मध्ये केंद्र सरकारच्या एकात्मिक बाल विकास योजनेनं ते नाव देशभर नेलं, नाव तेवढं नेलं. पुढे कोसबाडला वारली पोरं गुरं घेऊन रानात जातात म्हटल्यावर शिक्षक कुरणात गेले, शाळेची कुरणशाळा झाली. कुटुंबाच्या जगण्याचा क्रम न मोडता शिकवणं त्यात कसं बसवायचं, हे या बायकांनी पाऊणशे वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. आज अंगणवाडीची इमारत पक्की आहे, दाराला जाळी आहे आणि आई जाळीबाहेरून डबा देऊन जाते.

शहरात जाळीच्या जागी सुरक्षारक्षक असतो. तिथली कहाणी वेगळी, पण दुरावा तोच. इंग्रजी माध्यमाच्या मध्यम फीच्या शाळांत लाखो मराठी घरांतली मुलं जातात आणि त्यांचे आईवडील मुलाच्या वहीत काय लिहिलंय ते वाचू शकत नाहीत. डायरीत इंग्रजीत शेरा येतो. तो मुलगाच वाचून दाखवतो, त्याच्या सोयीनं अर्थ सांगतो आणि आई सही करते. मग ट्यूशन. घर आणि शाळा यांच्यामध्ये महिना हजार-दोन हजार रुपये घेणारी एक तिसरी व्यक्ती उभी राहते आणि मुलाचं काय चाललंय हे फक्त तिला माहीत असतं. इंग्रजी शिकवू नका असं माझं म्हणणं नाही. पण प्रवेश घेताना मराठीत बोलणारी, मराठीत फी मागणारी शाळा मुलाची प्रगती सांगायच्या वेळी मात्र मराठी विसरते, ते कशासाठी? राज्याच्या 2011 च्या शुल्क नियमन कायद्यानं पालक-शिक्षक संघ सक्तीचा केला, त्याच्या कार्यकारी समितीत पालक सोडतीनं निवडायला लावले. चांगलं झालं. पण त्या संघांत भांडण होतं ते फीवरून, गणवेशाच्या दुकानावरून, बसभाड्यावरून. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज शंभर निरोप पडतात आणि त्यात मुलाला अपूर्णांक कळले का, हे कुठंच नसतं.

सरकारी शाळांत प्रगतिपुस्तक मराठीत असतं, पण त्यातूनही काही कळत नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा आकड्यांऐवजी वर्णनात्मक नोंदी करायचं ठरलं. हेतू उत्तम होता. काही दिवसांतच नोंदींच्या तयार पीडीएफ फिरू लागल्या. ‘कविता तालासुरात गातो.’ ‘परिसरातील घटकांचे निरीक्षण करतो.’ ‘अवांतर वाचनाची आवड निर्माण करणे आवश्यक.’ वर्गातल्या कुठल्याही मुलाच्या नावापुढं कुठलंही वाक्य ठेवा, चालतं. त्यापेक्षा ‘असर’ सर्वेक्षणाचा तो अर्धा कागद कितीतरी प्रामाणिक आहे. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. 2005 पासून स्वयंसेवक तो घेऊन घरोघरी जातात, मुलाला अंगणात बसवून वाचायला सांगतात. पाचवीतला मुलगा उताऱ्यावर अडतो, मग शब्दांवर येतो आणि मागं उभी असलेली आई पाहत असते. पाच वर्षांच्या सह्यांनी जे सांगितलं नाही ते तिला पाच मिनिटांत कळतं. अलीकडे गावासमोर चावडी वाचन घेण्याची टूम निघते, तिला मात्र माझा विरोध आहे. मुलाची अडचण आईबापाला कळावी, अख्ख्या गावाला नको. ज्याला वाचता येत नाही तो पोरगा चावडीच्या दिवशी रानात पळतो.

आत्तापर्यंत शाळेनं पालकांना काय सांगावं हेच बोललो. उलट दिशेनं तर काहीच वाहत नाही. मेळघाटात मूल घरी कोरकू बोलतं, नंदुरबारच्या डोंगरात पावरी किंवा भिली. शिक्षक पुस्तकातली मराठी बोलतो आणि ‘मूल बोलतच नाही’ म्हणून नोंद करतो. त्या भाषेतले शंभर शब्द त्याला कोण देणार? आईच देणार. पण तिला ते विचारावं असं शाळेला वाटत नाही. पालकांना खरंच काही सांगायचं असतं तेव्हा व्यवस्था किती ताठर होते हे गडचिरोलीतल्या मोहगावनं पाहिलं. तिथल्या ग्रामसभेनं 2019 मध्ये स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा उभी केली. शिक्षण विभागानं तिला अनधिकृत ठरवून नोटीस धाडली. जिथं पालक येत नाहीत तिथं उदासीन, जिथं शाळाच काढतात तिथं अनधिकृत.

शिक्षकांची बाजू यात कुणी विचारेलच आणि विचारायलाच हवी. ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत ते रस्त्यावर उतरले ते उगाच नाही. रोज एक लिंक भरायची, फोटो अपलोड करायचे, बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम करायचं. समित्या इतक्या झाल्या होत्या की शेवटी शासनालाच त्या एकत्र करून कमी कराव्या लागल्या. अशा माणसाला ‘आता घरोघरी जा’ सांगणं म्हणजे आणखी एक रकाना. हे मान्य. म्हणूनच मी नवं काही वाढवा म्हणत नाही, काढा म्हणतोय. वर्षातले दोन पालक मेळावे, ज्यात पाहुण्यांचे सत्कार होऊन दुपार संपते, ते बंद करा. त्या वेळात प्रत्येक मुलाच्या पालकाला दहा मिनिटं द्या, एकट्याला, मूल शेजारी बसवून. तीस मुलांच्या वर्गाला पाच तास लागतात. दोन संध्याकाळींत होतं. मुलानं समोर वाचून दाखवायचं, एक गणित सोडवायचं, शिक्षकानं काय अडतंय आणि घरी काय करता येईल ते सांगायचं, पालकानं मूल घरी कसं असतं ते सांगायचं. प्रगतिपुस्तकात तेवढीच दोन वाक्यं लिहायची, पीडीएफमधली नकोत. आणि शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख शाळाभेटीला आले की त्यांनी प्रोसिडिंगवरच्या सह्या मोजू नयेत. रस्त्यात भेटेल त्या एका पालकाला विचारावं, तुमच्या मुलाला काय वाचता येतं? जून-जुलै प्रवेश, पाठ्यपुस्तकं आणि ऑनलाइन नोंदींत जातो हे खरं, पण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात हे बसवायला कुठल्याही शासन निर्णयाची गरज नाही. 24 वं कलम पुरेसं आहे.